√७ पासून बंद वलयापर्यंत: मॉड्युलर गटाचा आलेख हाताने कसा काढावा

√७ ही संख्या घ्यावी आणि तिच्यावर केवळ दोन क्रिया करण्याची मुभा आहे असे मानावे. पहिली क्रिया क्ष या संख्येला −१/क्ष मध्ये बदलते, आणि दुसरी क्ष ला (क्ष − १)/क्ष मध्ये बदलते. पहिलीला या लेखात आपण ‘पलटी’ म्हणू, कारण ती दोनदा केली की मूळ संख्या परत येते. दुसरीला ‘फेरा’ म्हणू, कारण ती तीनदा केल्यावर मूळ संख्या परत येते. या दोन क्रिया हव्या त्या क्रमाने आणि हव्या तितक्या वेळा करून मिळणाऱ्या सर्व रूपांतरांचा जो गट तयार होतो, तो मॉड्युलर गट होय. मॅट्रिक्सच्या भाषेत सांगायचे तर पूर्णांक घटकांच्या आणि १ एवढा निश्चयक असलेल्या २×२ मॅट्रिक्सांचा हा गट आहे, फक्त त्यात एखादी मॅट्रिक्स आणि तिची ऋण प्रत एकच मानली जाते.

√७ वर हा गट लावला तर अनंत संख्या मिळतात. त्यांच्या समुच्चयाला √७ ची कक्षा म्हणतात. त्या अनंत संख्यांचा आलेख काढायचा झाला तर प्रत्येक संख्या हा एक शिरोबिंदू असतो, पलटीने जोडलेल्या दोन शिरोबिंदूंमध्ये एक कड असते आणि फेऱ्याने जोडलेल्या तिघांचा एक त्रिकोण असतो. गणितज्ञ ग्रॅहम हिग्मन यांनी मॉड्युलर गटासाठी अशा आकृत्या वापरात आणल्या आणि त्या कोसेट डायग्राम या नावाने ओळखल्या जातात. त्यांचे विद्यार्थी कैसर मुश्ताक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार √७ सारख्या वास्तव द्विघाती अपरिमेय संख्यांच्या प्रत्येक कक्षेच्या आलेखात एक आणि एकच बंद वलय असते. ते वलय कागदावर, दशांश अपूर्णांकाला हात न लावता, केवळ पूर्णांकांच्या बेरजांनी कसे काढायचे आणि ते काढल्यावर त्यातून संख्या सिद्धांतातील काय वाचता येते, हे येथे क्रमाने मांडले आहे.

संख्येऐवजी त्रिकूट लिहावे

ड हा पूर्ण वर्ग नसलेला धन पूर्णांक असू द्या. आपल्या सर्व संख्या (अ + √ड)/क या रूपात लिहायच्या आणि ब = (अ² − ड)/क हाही पूर्णांक असला पाहिजे अशी अट ठेवायची. अ, ब आणि क या तिघांना १ पेक्षा मोठा सामाईक विभाजक नसावा, ही दुसरी अट आहे. अशी प्रत्येक संख्या (अ, ब, क) या त्रिकुटाने पूर्णपणे ठरते. √७ चे त्रिकूट (०, −७, १) आहे.

या रूपाचा मोठा लाभ असा की दोन्ही क्रिया त्रिकुटावर थेट करता येतात. पलटीने (अ, ब, क) चे (−अ, क, ब) होते. फेऱ्याने (अ, ब, क) चे (ब − अ, ब − २अ + क, ब) होते, आणि फेरा दोनदा केल्यास (क − अ, क, ब − २अ + क) मिळते. ही सूत्रे पाठ करण्याआधी वाचकाने एकदा स्वतः पडताळून पाहावीत. त्याला पाच मिनिटे लागतात आणि पुढचा सगळा विश्वास त्यावर उभा राहतो. कोणत्याही क्रियेने ड बदलत नाही, म्हणून अ² − बक = ड ही ओळ प्रत्येक पायरीनंतर तपासता येते. ही तपासणी कधीही गाळू नये. हाताने केलेल्या गणितात चिन्हाची चूक सर्वाधिक होते आणि ही एक ओळ ती जागच्या जागी पकडते.

द्विचिन्ही संख्या ओळखणे

(अ + √ड)/क हिची अनुबद्ध संख्या (अ − √ड)/क आहे. संख्या आणि तिची अनुबद्ध यांची चिन्हे विरुद्ध असतील तर त्या संख्येला आपण द्विचिन्ही म्हणू. इंग्रजी शोधनिबंधांत तिला ‘अँबिग्युअस नंबर’ म्हणतात, परंतु येथे काहीही संदिग्ध नसल्यामुळे मला द्विचिन्ही हा शब्द अधिक नेमका वाटतो. दोघींचा गुणाकार ब/क असतो. म्हणून ब आणि क यांची चिन्हे विरुद्ध आहेत एवढे पाहिले की संख्या द्विचिन्ही आहे हे कळते. मूळ काढण्याची गरज पडत नाही.

ड ठरला की द्विचिन्ही संख्या मर्यादितच असतात. बक ऋण असेल तर अ² < ड असावेच लागते, म्हणजे अ ला मोजक्याच किमती घेता येतात. प्रत्येक अ साठी क हा ड − अ² चा धन किंवा ऋण विभाजक असतो. म्हणून ड ला कोणत्याही अभाज्य संख्येच्या वर्गाने भाग जात नसेल, तर द्विचिन्ही संख्यांची एकूण संख्या अशी मोजता येते: ड च्या विभाजकांच्या संख्येची दुप्पट घ्यावी आणि तिच्यात अ = १, २, ३ … (√ड पेक्षा लहान) यांसाठी ड − अ² च्या विभाजकांच्या संख्यांच्या बेरजेची चौपट मिळवावी. ड = ७ साठी ७ चे विभाजक २, ६ चे ४ आणि ३ चे २ आहेत. म्हणून एकूण ४ + ४(४ + २) = २८. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, कारण शेवटी सर्व वलयांवरील बिंदू मिळून तो जुळला पाहिजे.

वलय का तयार होते

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण कारण समजले तर पुढील रीत लक्षात ठेवावी लागत नाही. वास्तव रेषेचे तीन भाग करा: ऋण संख्या, ० ते १ मधील संख्या आणि १ पेक्षा मोठ्या संख्या. फेरा ऋण भागाला १ च्या पलीकडे नेतो, तेथील संख्यांना ० ते १ मध्ये आणतो आणि तेथील संख्यांना ऋण भागात पाठवतो. आता एखाद्या त्रिकोणातील संख्या आणि तिची अनुबद्ध वेगवेगळ्या भागांत असतील, तर तीन फेऱ्यांपैकी एकदा पहिली ऋण भागात येते, एकदा दुसरी येते आणि एकदा कोणीच येत नाही. म्हणजे अशा त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंपैकी नेमके दोन द्विचिन्ही असतात, एक धन आणि एक ऋण. तिसऱ्या शिरोबिंदूवर संख्या आणि अनुबद्ध दोन्ही धन असतात.

द्विचिन्ही संख्येला पलटी दिली तर तीही द्विचिन्हीच राहते, फक्त चिन्हे अदलाबदल होतात. तेव्हा प्रत्येक द्विचिन्ही शिरोबिंदूला दोन द्विचिन्ही शेजारी असतात, एक पलटीच्या कडेवर आणि एक त्रिकोणाच्या कडेवर. संख्या मर्यादित आणि प्रत्येकाला दोनच शेजारी, म्हणून बंद वलयाशिवाय दुसरे काही होऊ शकत नाही. एका कक्षेत एकच वलय का, याचे उत्तर तिसऱ्या शिरोबिंदूवर मिळते. तेथे दोन्ही धन आहेत. पलटीने दोन्ही ऋण होतात आणि फेऱ्याने किंवा दुहेरी फेऱ्याने पुन्हा दोन्ही धन होतात. त्यामुळे त्या वाटेने बाहेर गेलेले कोणीही वलयावर परत येत नाही, आणि दुसऱ्या वलयावरही पोहोचत नाही. वलयाला लटकलेल्या या अनंत फांद्या म्हणजे झाडे आहेत. नवशिके बहुधा आधी या फांद्याच काढत बसतात आणि कागद संपतो. फांद्या काढू नयेत, वलय काढावे.

चढ आणि उतार

वलयावर चालताना धन संख्येला पलटी देऊन मग फेरा दिला तर क्ष चे क्ष + १ होते. पलटी देऊन दुहेरी फेरा दिला तर क्ष/(क्ष + १) होते. पहिल्या हालचालीला चढ म्हणू आणि दुसरीला उतार, कारण एकीने धन संख्या वाढते व दुसरीने घटते. धन द्विचिन्ही संख्येपासून यांपैकी नेमकी एकच हालचाल आपल्याला वलयावर ठेवते, आणि ती निवडण्याचा नियम पुढीलप्रमाणे आहे.

क धन आणि ब ऋण असलेल्या (अ, ब, क) या त्रिकुटासाठी स = ब + २अ + क काढा. स ऋण असेल तर चढ करा आणि नवे त्रिकूट (अ + क, स, क) लिहा. स धन असेल तर उतार करा आणि नवे त्रिकूट (अ + ब, ब, स) लिहा. स शून्य कधीच येत नाही, कारण तसे झाले तर ड पूर्ण वर्ग ठरेल. जुन्या ब किंवा क ची जागा स घेतो आणि ज्याचे चिन्ह स शी जुळते त्याचीच जागा घेतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी द्विघाती रूपांच्या आपल्या चित्रात धन आणि ऋण किमतींच्या सीमेला ‘नदी’ म्हटले होते. आपण तीच नदी काठाकाठाने चालत आहोत.

√७ पासून आरंभ करू.

(०, −७, १), स = −६, चढ
(१, −६, १), स = −३, चढ
(२, −३, १), स = २, उतार
(−१, −३, २), स = −३, चढ
(१, −३, २), स = १, उतार
(−२, −३, १), स = −६, चढ
(−१, −६, १), स = −७, चढ
(०, −७, १)

सात पायऱ्यांत आपण √७ वर परत आलो. वलयावर सात धन संख्या आहेत आणि प्रत्येकीच्या पलटीने मिळणाऱ्या सात ऋण संख्या आहेत, म्हणजे एकूण चौदा बिंदू. आकृती काढताना वर्तुळावर चौदा ठिपके घ्यावेत. एकाआड एक कड पलटीची ठेवावी आणि उरलेल्या कडांवर त्रिकोण उभारावेत. सर्व त्रिकोणांत फेऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट मानली आणि वलयावरही त्याच दिशेने चाललो, तर चढाचे त्रिकोण आतल्या बाजूला आणि उताराचे बाहेरच्या बाजूला येतात. √७ च्या वलयाला आत पाच त्रिकोण आहेत आणि बाहेर दोन.

कोपऱ्यातला आकडा मात्र २८ होता. उरलेल्या चौदा संख्या कोठे आहेत? −√७ ला पलटी द्या, १/√७ मिळते, तिचे त्रिकूट (०, −१, ७) आहे. तेथून चालल्यास सात पायऱ्यांचे दुसरे वलय मिळते आणि हिशेब पूर्ण होतो. म्हणजे √७ आणि −√७ वेगवेगळ्या कक्षांत आहेत.

आलेखातून समीकरण वाचणे

आता १, ० आणि ० , १ अशा दोन ओळींची मॅट्रिक्स लिहा. प्रत्येक चढाला वरच्या ओळीत खालची ओळ मिळवा आणि प्रत्येक उताराला खालच्या ओळीत वरची ओळ मिळवा. √७ च्या सात पायऱ्यांनंतर वरची ओळ ८, २१ होते आणि खालची ३, ८. ही मॅट्रिक्स √७ ला जागेवर ठेवते. √७ ला जागेवर ठेवणाऱ्या मॅट्रिक्सच्या कर्णावर एकच संख्या प दोनदा यावी लागते आणि वरच्या कोपऱ्यातील संख्या खालच्या कोपऱ्यातील फ च्या सातपट असावी लागते. निश्चयक १ असल्यामुळे प² − ७फ² = १. येथे ८² − ७·३² = ६४ − ६३ = १.

हे पेल समीकरण आहे, ज्याला भारतीय परंपरेत वर्गप्रकृती म्हणत. वलयाची एक पूर्ण प्रदक्षिणा आपल्याला त्याचे सर्वांत लहान धन उत्तर देते, कारण √ड ला जागेवर ठेवणारे प्रत्येक रूपांतर म्हणजे याच वलयाच्या पूर्ण प्रदक्षिणा असतात, सुलट किंवा उलट. फांद्यांवर गेलेली वाट त्याच वाटेने परत यावी लागते आणि तिचा परिणाम शून्य असतो.

दुसरे वाचन त्याहून सूक्ष्म आहे. √ड आणि −√ड एकाच कक्षेत असतात तेव्हा, आणि तेव्हाच, प² − डफ² = −१ ला पूर्णांकी उत्तर असते. ड = २ घेऊन पाहा. (०, −२, १) पासून चढ, उतार, उतार, चढ अशा चार पायऱ्यांत वलय बंद होते. त्यावर (०, −१, २), म्हणजे १/√२, मध्यावरच भेटते. एकूण द्विचिन्ही संख्या ८, आणि चार धन व चार ऋण मिळून त्या याच एका वलयावर संपतात. १² − २·१² = −१ हे त्याचे कारण. याउलट ३ साठी सहा-सहा बिंदूंची दोन वलये मिळतात, कारण वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च राहते आणि प² − ३फ² = −१ शक्य होत नाही. आलेखाचा तुटकपणा आणि समीकरणाची अशक्यता ही एकच गोष्ट आहे, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते.

चढांच्या आणि उतारांच्या सलग लांब्या मोजल्या तर वितत अपूर्णांकातील, म्हणजे पूर्णांक + १/(पूर्णांक + १/…) अशा विस्तारातील, अंक मिळतात. √७ च्या वलयावर, फिरवून पाहिल्यास, चार चढ, एक उतार, एक चढ, एक उतार असा क्रम आहे आणि √७ च्या विस्तारातील आवर्ती अंक १, १, १, ४ हेच आहेत.

एकच ड, निरनिराळी वलये

ड = ५ घेतल्यास एकूण संख्या ४ + ४(३ + १) = २० येते. √५ पासून चढ, चढ, मग चार उतार, पुन्हा दोन चढ असे आठ पायऱ्यांचे वलय मिळते, म्हणजे सोळा बिंदू. उरलेले चार बिंदू सुवर्ण गुणोत्तराचे, म्हणजे (१ + √५)/२ चे, आहेत. (१, −२, २) पासून उताराने (−१, −२, २) आणि चढाने पुन्हा (१, −२, २). दोन्ही संख्या √५ पासूनच बनलेल्या असूनही त्या कधी भेटत नाहीत. सुवर्ण गुणोत्तराच्या त्रिकुटात ब आणि क दोन्ही सम आहेत, आणि स = ब + २अ + क मुळे ते समच राहतात. √५ च्या त्रिकुटात तसे नाही. असे एखादे न बदलणारे लक्षण सापडले की वलय न काढताही कक्षा वेगळ्या असल्याचे सिद्ध होते. असे लक्षण शोधण्याची सवय प्रारंभापासून लावून घ्यावी.

ड ला वर्गाने भाग जात असेल तर सामाईक विभाजकाची अट विसरू नये. ड = ८ साठी सूत्र २८ देते, परंतु त्यांपैकी (०, −४, २) सारखी आठ त्रिकुटे सम आहेत आणि ती खरे तर ड = २ ची आहेत. त्यांना वगळल्यावर २० उरतात आणि दहा-दहा बिंदूंची दोन वलये बरोबर जुळतात.

संख्या वलयावर नसेल तर

(५ + √७)/२ ही संख्या √७ च्या कक्षेत आहे काय? तिचे त्रिकूट (५, ९, २) आहे आणि ब व क दोन्ही धन असल्यामुळे ती फांदीवर आहे. अशा वेळी उलट चालावे. संख्या आणि अनुबद्ध दोन्ही १ पेक्षा मोठ्या असतील तर १ वजा करावा, ज्याने त्रिकूट (अ − क, ब − २अ + क, क) होते. दोन्ही ० ते १ मध्ये असतील तर उलट उतार करावा, ज्याने (अ − ब, ब, ब − २अ + क) मिळते. दोन्ही ऋण असतील तर आधी पलटी द्यावी. ब − २अ + क चे चिन्ह क च्या विरुद्ध आले की दोघींच्या मध्ये १ आला असे समजावे आणि १ वजा करावा, म्हणजे आपण वलयावर येतो. येथे (५, ९, २) पासून (३, १, २) आणि तेथून (१, −३, २). हे त्रिकूट वर √७ च्या यादीत पाचव्या ओळीवर आहे. उत्तर होकारार्थी आहे. कोणत्याही दोन संख्यांबाबत हीच रीत चालते: दोघींना आपापल्या वलयावर आणावे आणि वलय एकच आहे का ते पाहावे.

६१ चे वलय

सरावासाठी शेवटी ६१ घ्यावा, संयम असेल तर हातानेच. एकूण द्विचिन्ही संख्या १८८ येतात. त्यांपैकी ४४ ची त्रिकुटे सम ब आणि सम क यांची आहेत व ती (१ + √६१)/२ च्या वलयावर आहेत. उरलेल्या १४४ √६१ च्या एकाच वलयावर आहेत, म्हणजे ७२ पायऱ्या. छत्तिसाव्या पायरीवर १/√६१ भेटते आणि तेथील मॅट्रिक्समधून २९७१८² − ६१·३८०५² = −१ वाचता येते. पूर्ण प्रदक्षिणेनंतर मॅट्रिक्सच्या कर्णावर १७६६३१९०४९ आणि खालच्या कोपऱ्यात २२६१५३९८० उभे राहतात.

हे दोन आकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात, वर्गप्रकृती सोडवण्याच्या चक्रवाल नावाच्या रीतीने काढून दाखवले होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद कोरलेली आहे, तेच हे भास्कराचार्य. १६५७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवलेल्या संख्यांतही हाच ६१ होता. चक्रवाल आणि आपले वलय या दोन निरनिराळ्या रीती आहेत. चक्रवाल मोठ्या उड्या घेत फार थोड्या पायऱ्यांत पोहोचते, तर आपण एकेक पाऊल टाकतो. परंतु आपल्या ७२ पावलांपैकी प्रत्येक पावलावर केवळ एक बेरीज आणि एका चिन्हाची निवड आहे, आणि वाटेतील प्रत्येक त्रिकूट अ² − बक = ६१ या एका ओळीने तपासून पुढे जाता येते.